मलकापूरहून बुऱ्हाणपूर : एका दिवसाची सफर

आमचे देऊळघाट पैनगंगेच्या काठी, बुलढाण्यापासून जवळच आहे. बुलढाणा जिल्ह्याचे ठिकाण. कलेक्टर कचेरी, कोर्ट, मोठा सरकारी दवाखाना, आमचे कॉलेज सगळे तेथे आहे, रेल्वे मात्र नाही. इंग्रजांनी जिल्ह्याचे ठाणे घाटावरच्या थंड हवेत ठेवले आणि रेल्वे घाटाखालच्या कापसाच्या पट्ट्यातून नेली. मुंबईकडून येणारी ती लाइन १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली. १८७० मध्ये कापसासाठी जलंबपासून खामगावपर्यंत फाटा टाकला गेला, त्याच्या उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आले होते. खामगाव-जालना मार्गाची मागणी शंभर वर्षांहून जुनी आहे. आमच्या आजोबांनी तिच्या सर्वेक्षणाच्या बातम्या वाचल्या, आता आम्ही वाचतो. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र सरकारने जालना-जळगाव या १७४ किलोमीटरच्या नव्या मार्गाला मंजुरी दिली, पण तो अजिंठ्याच्या बाजूने जाणार, बुलढाण्यातून नाही.

त्यामुळे आमच्याकडे रेल्वेत बसणे होते ते कामापुरते. अकोल्याला किंवा भुसावळला लग्न, कुणाचे हजला जाणे, मुंबईला मोठ्या दवाखान्याचा फेरा. कॉलेजच्या मुलांसाठी आणखी एक कारण असते. आमचे कॉलेज १९८३ साली स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठाला जोडलेले आहे. मार्कशीटवर नाव चुकले किंवा मायग्रेशन सर्टिफिकेट हवे असले की मलकापूरला गाडी धरायची, बडनेऱ्याला उतरायचे, विद्यापीठाच्या खिडकीपुढे उभे राहायचे आणि रात्री परत यायचे. आमच्यापैकी तिघांचा जन्मातला पहिला रेल्वे प्रवास असाच झाला. नुसते पाहण्यासाठी, सकाळी जाऊन रात्री परत यायच्या बोलीवर गाडीत बसायचे, ही कल्पनाच घरी समजावून सांगायला दोन आठवडे गेले.

कल्पना आमच्या एका मैत्रिणीची. इतिहास हा तिचा विषय. हिवाळी परीक्षा संपली, तेव्हा तिने वहीच्या दोन पानांवर सगळे आखून आणले. मलकापूर ते भुसावळ सुमारे पन्नास किलोमीटर, भुसावळला गाडी बदलून खंडव्याच्या दिशेने पुढे बुऱ्हाणपूर चोपन्न किलोमीटर. कोणती गाडी चुकली तर पुढची कोणती, परतीला उशीर झाला तर काय, सगळे तिने लिहिले होते. साध्या गाडीचे भाडे हॉटेलातल्या एका थाळीहून कमी पडते, हेही एका कोपऱ्यात होते. ते खास तिच्या अब्बांसाठी.

पैशाचा प्रश्न मुळात मोठा नव्हताच. प्रश्न मुलींचा होता. मुलांना घरून ‘‘जपून जा’’ एवढेच सांगण्यात आले. मुलींच्या घरी मात्र बैठका बसल्या. सोबत कोण, परत कधी, लोक काय म्हणतील, असे प्रश्न निघाले. एवढ्या लांबच्या सफरीला मुलीसोबत महरम हवा, हे बुजुर्गांचे म्हणणे तर होतेच. आम्ही त्यावर वाद घातला नाही. जमातच अशी बांधली की प्रत्येक मुलीच्या घरचे कुणीतरी असावे. दोघी बहिणींबरोबर त्यांचा भाऊ, एकीबरोबर तिचे मामू, आणि एकीबरोबर तिचा भाऊ व तिची अम्मी. या अम्मींना आम्ही सगळेच खाला म्हणतो. चार मुली, पाच मुले, मामू आणि खाला असे अकरा जण झालो. ज्या मैत्रिणीने सगळे आखले होते, तिचा मोठा भाऊ पुण्याला नोकरीत आणि अब्बांना दुकान सोडता येत नव्हते. ती येऊ शकली नाही. तिने ती दोन पाने फाडून आमच्या हातात दिली आणि म्हणाली, ‘‘जामा मशिदीतला संस्कृतचा शिलालेख नीट पाहून या. फोटो नुसता लांबून काढू नका, अक्षरे दिसली पाहिजेत.’’

जानेवारीतला रविवार ठरवला. शुक्रवार जुम्यामुळे सोडला, बाकीचे दिवस कॉलेजचे. फजरनंतर लगेच निघालो. बुलढाण्यापर्यंत काळी-पिवळी, तेथून मलकापूरची एसटी. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना निम्मे तिकीट आहे, म्हणून खालांनी आपल्या आणि मुलींच्या तिकिटांचे पैसे काढून वाचलेले पैसे वेगळ्या गाठीत बांधले. ‘‘हे जिलेबीचे,’’ म्हणाल्या. बस राजूर घाट उतरते तेव्हा अंगावरची शाल हळूहळू नकोशी होते. घाटावरची थंडी आणि खालच्या मोताळ्याची हवा यांत स्वेटरचा फरक आहे. पंचेचाळीस-एक किलोमीटरचा हा रस्ता आमच्या सफरीतला सगळ्यात कंटाळवाणा भाग, त्यावर अधिक लिहीत नाही.

तिकिटाबद्दल दोन गोष्टी सांगतो, कारण पुढे कुणी जाईल त्याच्या कामी येतील. तिकीट मलकापूरहून थेट बुऱ्हाणपूरचे घ्यावे, भुसावळला गाडी बदलण्यासाठी दुसरे लागत नाही. जनरल तिकीट आदल्या दिवशी काढून ठेवण्याची चीज नाही. दोनशे किलोमीटरच्या आतल्या प्रवासाला ते काढल्यापासून साधारण तीन तासांत सफर सुरू करावी लागते. पॅसेंजरचे तिकीट घेऊन एक्स्प्रेसमध्ये चढू नये, आणि सुपरफास्टला वेगळा अधिभार असतो. कॉलेजने सहल म्हणून नेले आणि प्राचार्यांचा दाखला असला, तर विद्यार्थ्यांना दुसऱ्या वर्गात सवलत मिळते. आमची सहल घरगुती होती, म्हणून आम्ही पूर्ण भाडे दिले. आणखी एक सवलत आपल्या घरांत फारच थोड्यांना ठाऊक आहे. घर ते शिक्षणसंस्था या प्रवासासाठी मुलींना पदवीपर्यंत आणि मुलांना बारावीपर्यंत रेल्वेचा दुसऱ्या वर्गाचा मासिक पास मोफत मिळतो. मुलांच्या सवलतीत मदरशाचे विद्यार्थीही धरले आहेत. मलकापूर, नांदुरा, शेगाव या लाइनवरच्या मुलींनी याची चौकशी जरूर करावी. आम्हा घाटावरच्यांना त्याचा उपयोग नाही.

भुसावळ सोडले की गाडी तापी ओलांडते आणि मुलूखच बदलतो. आमच्याकडे जानेवारीत कापसाच्या पऱ्हाट्या उभ्या, तूर कापणीला आलेली. इकडे सावदा, निंभोरा, रावेर अशी स्टेशने येतात आणि दोन्ही बाजूंना केळीच केळी. एवढे हिरवे एका वेळी आम्ही श्रावणातही पाहिले नव्हते. डब्यात रावेरचे एक केळीवाले शेतकरी भेटले. त्यांनी खालांना बसायला जागा दिली आणि मामूंना केळीचा भाव, खताचा भाव, दिल्लीच्या व्यापाऱ्याचा भाव असे सगळे ऐकवले. मामूंची स्वतःची चार एकर कोरडवाहू आहे. ते रावेरपर्यंत खिडकीबाहेर बघत ‘‘पानी है तो सब है’’ एवढेच म्हणत होते. रावेरनंतर थोड्याच वेळात महाराष्ट्र संपतो. सरहद्द कळते ती फक्त स्टेशनांच्या पाट्यांवरून, कारण पाटीवरची मराठी जाते आणि हिंदी राहते. दोन्हींची लिपी एकच असल्यामुळे खालांना ती शेवटपर्यंत कळली नाही.

बुऱ्हाणपूर स्टेशन लालबागेत आहे, शहर तेथून काही किलोमीटरवर. दोन ऑटो केल्या. वस्तीत शिरताच पॉवरलूमचा खडखडाट सुरू होतो, ज्यांनी मालेगाव किंवा भिवंडी पाहिले त्यांना तो लगेच ओळखू येईल. हे शहर फारुकी घराण्याच्या नसीर खानने १४०० च्या सुमारास वसवले आणि त्याला शेख बुऱ्हानुद्दीन गरीब यांचे नाव दिले. त्यांची मजार वेरूळजवळ खुलदाबादला आहे. नदीपलीकडचे जैनाबाद हे शेख जैनुद्दीन यांच्या नावाचे, तेही खुलदाबादचेच. फारुकींची खानदेशची राजधानी आज मध्य प्रदेशात मोडते. रस्त्यावर मराठी, हिंदी, उर्दू तिन्ही ऐकू येतात. भाजीवाल्याने खालांशी सरळ आपल्या खानदेशी मराठीत व्यवहार केला.

जामा मशीद राजे अली खान फारुकी याने हिजरी ९९७ म्हणजे इ. स. १५८९ च्या सुमारास बांधली. फोटोत पाहिली होती, तरी दारातून अंगणात आल्यावर आम्ही काही वेळ बोललोच नाही. काळसर दगडाची लांबलचक दर्शनी भिंत, पंधरा कमानी, दोन टोकांना दोन मिनार. घुमट एकही नाही. मशीद म्हणजे घुमट असे लहानपणापासून चित्रात काढत आलो, ते येथे लागूच पडत नाही. आत कमानींच्या रांगा एकीतून दुसरी दिसतात, आणि बाहेर ऊन असूनही आत गारवा असतो.

शिलालेख आधी अरबी आणि त्याखाली संस्कृत असा पश्चिमेच्या भिंतीवर आहे. संस्कृत लेख देवनागरीत आहे, म्हणजे आमच्या प्रत्येकाला अक्षर न् अक्षर वाचता येते. समजते थोडे. आरंभी सृष्टीच्या निर्मात्याला वंदन आहे, जो दिसत नाही, सगळीकडे आहे, कायम आहे. पुढे फारुकी सुलतानांची वंशावळ आणि मशीद बांधल्याचा काळ. काळ विक्रम संवत १६४६ आणि शके १५११ असा दोन्ही पद्धतींनी दिला आहे, शिवाय पंचांगातली तिथी आणि नक्षत्रही. खालांना अरबी कुराणामुळे वाचता येते आणि देवनागरी एसटीच्या पाट्यांमुळे. त्यांनी वरची ओळ वाचली, खालची वाचली आणि विचारले, ‘‘दोन्हीकडे एकच लिहिलंय का?’’ मामू म्हणाले, ‘‘तारीफ एकाचीच आहे.’’ राजे अली खानने हे का करवले असेल यावर आमची तेथेच चर्चा झाली. एकाचे म्हणणे, प्रजेला कळावे म्हणून. दुसऱ्याचे म्हणणे, मशिदीच्या आत मेहराबीजवळ लावलेला लेख प्रजा कशाला वाचायला येईल. लिहिणारे पंडित दरबारात होते आणि सुलतानाला त्यांची भाषाही आपली वाटत होती, एवढेच. आम्हाला दुसरे म्हणणे पटते. असाच संस्कृत लेख असीरगडच्या मशिदीतही आहे, म्हणजे ही एका वेळची हौस नव्हती. मिनाराजवळ अकबराच्या काळचा एक फारसी लेखही आहे. १६०१ मध्ये असीरगड पडल्यावर मीर मासूम याने तो कोरवला. अक्षरे दिसतील असे फोटो काढून आम्ही तेथूनच मैत्रिणीला पाठवले. तिचे उत्तर लगेच आले, ‘‘तिसरी ओळ तिरपी आलीय. परत काढा.’’

जोहरची जमात तेथेच मिळाली. आमच्यातल्या एकाला शंका होती की आपण मुसाफिर, मग चार रकात पढायच्या की दोन? मामूंनी सांगितले की स्थानिक इमामामागे उभे राहिले की त्यांच्याबरोबर चार पुऱ्या करायच्या. असर आपली आपण पढू तेव्हा कसर. मुलींसाठी जागा विचारली, तर एका बुजुर्गांनी बाजूची शांत जागा दाखवली आणि वुजूसाठी पाण्याची सोयही दाखवली. आपल्या गावच्या मशिदींत सफरीत आलेल्या बाईला असे विचारायची वेळ आली तर काय होईल, यावर परतीच्या गाडीत बरीच बोलणी झाली.

शाही किल्ला तापीच्या काठावर आहे. तेथले हमाम पाहण्यासारखे आहे, छतावरचे रंगीत नक्षीकाम अजून बरेच टिकून आहे. छतावरच्या एका चित्रातल्या इमारतीवरून ताजमहालाची कल्पना सुचली, असे तेथले गाइड सांगतात. ऐकायला गोड आहे. पुरावा विचारला तर हसतात. जे खात्रीचे आहे तेच पुरेसे भारी आहे. मुमताज महल १७ जून १६३१ रोजी येथे बुऱ्हाणपुरात बाळंतपणात वारली. तिचे ते चौदावे मूल. मुलगी वाचली, तिचे नाव गौहर आरा. मुमताजला आधी नदीपलीकडे जैनाबादच्या बागेत दफन केले आणि डिसेंबरात तिचे शरीर आग्र्याला नेले. वयाची चाळिशीही तिने पाहिली नाही. आमच्यातल्या बी. एस्सी.च्या मुलीने हिशेब केला, एकोणीस वर्षांच्या संसारात चौदा. मुले गप्प झाली. खाला नदीकडे बघत म्हणाल्या, ‘‘आमच्या अम्मीला नऊ झाली. दवाखाना एकाही वेळी नाही, दाई होती. आठव्यानंतर ती नीट उभी राहू शकत नव्हती, आम्हाला वाटायचं आळस करते.’’ मग त्यांनी डबा उघडला. खिमा, पराठे आणि लिंबाचे लोणचे. त्या विषयावर पुन्हा कुणी बोलले नाही, पण चारही मुली जेवताना खालांना खेटून बसल्या होत्या.

वेळ उरला होता दोन तास. असीरगड की कुंडी भंडारा, यावर हात वर करून मत घेतले. असीरगड वीसेक किलोमीटर दूर, गाडी चुकण्याची भीती. कुंडी भंडारा लालबागेकडेच, स्टेशनच्या वाटेवर. मामूंनी दोन्ही हात वर केले. त्यांना पाणी पाहायचे होते.

जहांगीरच्या काळात अब्दुर्रहीम खानखाना बुऱ्हाणपूरचा सुभेदार होता, शाळेत ज्याचे दोहे आपण शिकतो तोच रहीम. त्याच्या वेळी, १६१५ मध्ये, हे काम झाले. सातपुड्यावर पडलेला पाऊस जमिनीत मुरतो आणि आतल्या आत तापीकडे सरकतो. ते पाणी वाटेतच धरण्यासाठी डोंगराच्या पायथ्यापासून शहराकडे ओळीने शंभराहून अधिक विहिरी खोदल्या, त्यांना कुंडी म्हणतात. त्या तळाशी एकमेकींना भुयाराने जोडल्या. भुयाराला उतार असा दिला की पाणी आपोआप शहराकडे वाहत जाते. पंप नाही, मोट नाही, वीज नाही. इराणात असे पाणी आणण्याची जुनी रीत होती, तेथलाच जाणकार हे काम करायला होता. वरून पाहिले तर शेतात नुसती गोल तोंडे दिसतात. मामू एका तोंडावर वाकून कितीतरी वेळ ऐकत उभे राहिले. खाली पाणी वाहत होते. चारशे वर्षे झाली. आमच्या बुलढाण्याला पैनगंगेवरच्या येळगाव धरणातून पाणी मिळते, आणि उन्हाळा लांबला की शहरात किती दिवसांआड नळ येणार याची चर्चा सुरू होते. मामूंनी परतीच्या सगळ्या वाटेत ‘‘उतार कसा मोजला असेल?’’ हे निदान दहा वेळा विचारले. सिव्हिल इंजिनिअरिंगला असलेल्या आमच्या मित्राने दोन वेळा उत्तर दिले, नंतर तो वरच्या बाकावर जाऊन झोपला.

असरची कसर नमाज स्टेशनवर आळीपाळीने पढलो, सामानाजवळ निम्मे जण थांबले. जिलेबीच्या गाठीतून बुऱ्हाणपूरची मावा जिलेबी घेतली, काळसर, जाड आणि गुलाबजामच्या चवीची. गावाकडे नेण्यासाठी दराबाही घेतला. भुसावळला मगरिब झाली. मलकापूरहून रात्रीच्या एसटीचा भरवसा नको म्हणून ओळखीची क्रुझर आधीच सांगून ठेवली होती, सफरीतला सगळ्यात मोठा खर्च तोच. अकरा जणांत वाटला म्हणून जमला. चौघेच असाल तर एसटीची शेवटची वेळ आधी पक्की करा आणि बुऱ्हाणपुरातला एक तास कमी करा. देऊळघाटला पोहोचलो तेव्हा इशाची जमात होऊन गेली होती. दारात उभ्या असलेल्या चारही घरच्या लोकांनी घड्याळ पाहिले, आणि बोलले काही नाही.

ज्या मैत्रिणीला येता आले नाही, तिच्या घरी दुसऱ्या दिवशी आम्ही दराबा घेऊन गेलो. तिचे अब्बा दुकानातून जेवायला आले होते. त्यांनी फोटो पाहिले आणि संस्कृत लेखाचा फोटो मोठा करून हळूहळू वाचायला लागले. तिने मग त्यांना आपल्याकडचे सांगितले. याच राजे अली खानने १५९० च्या सुमारास बुऱ्हान निजामशाहाच्या बाजूने लढाई दिली ती आपल्या मोताळा तालुक्यातल्या रोहिणखेडजवळ. तेथली मशीद खुदावंद खानने १५८२ मध्ये बांधली, म्हणजे बुऱ्हाणपूरच्या जामा मशिदीहून ती जुनी. अब्बांनी विचारले, ‘‘हे तुमच्या पुस्तकात आहे?’’ ती म्हणाली, ‘‘पुस्तकात नाही, गॅझेटियरमध्ये आहे. कॉलेजच्या लायब्ररीत.’’

फेब्रुवारीत दुसरी सफर झाली. या वेळी मलकापूरहून उलट्या दिशेला, अकोल्याच्या वाटेवरच्या पारस स्टेशनपर्यंत, आणि तेथून ऑटोने बाळापूर. मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावरचा विटांचा किल्ला औरंगजेबाचा मुलगा आजम शाह याने सुरू केला आणि एलिचपूरचा नवाब इस्माईल खान याने १७५७ मध्ये पुरा केला. नदीकाठी मिर्झाराजे जयसिंगाची छत्री आहे, काळ्या दगडाची. जयसिंग वारला १६६७ मध्ये बुऱ्हाणपूरला. मागच्या सफरीचा धागा असा आपोआप पुढे आला. या सफरीला आम्ही आठच होतो. आठवे मैत्रिणीचे अब्बा. दुकान त्यांनी त्या दिवशी भाच्यावर सोपवले होते. छत्रीच्या चबुतऱ्यावर बसून त्यांनी लेकीला विचारले, ‘‘राजस्थानचा राजा येथे छत्री का बांधतो?’’ ती सांगत होती आणि ते ऐकत होते. आम्ही डबा उघडून बराच वेळ त्या दोघांसाठी थांबलो. परतीच्या गाडीत जलंब स्टेशन आले, तेव्हा त्यांनी खिडकीतून खामगावचा फाटा पाहिला आणि म्हणाले, ‘‘पुढच्या वेळी यावरून जाऊ. वेळापत्रक तू काढ.’’